मदत हवी आहे: बारावी बायफोकल, सी++ मध्ये उत्तर मायनस येतंय आणि व्हर्च्युअल फंक्शन डोक्यात बसंना

औसेकर_बारावी

नमस्कार. मी औसा तालुक्यातला, बारावी सायन्सला आहे. बायफोकलला, म्हणजे दोन पेपरांच्या व्यावसायिक विषयाला, कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++ आणि एचटीएमएल. बाकीचं कसंबसं होतं, गाडी अडते ती सी++ ला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेला.

व्याख्या सगळ्या येतात. एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्सचे प्रकार, कन्स्ट्रक्टरची वैशिष्ट्यं, झोपेतून उठवून विचारा. पण कोरा कागद समोर आला की क्लासमध्ये (माहिती अन् तिच्यावरची कामं यांचा साचा) काय घालायचं अन् मेनमध्ये (जिथून प्रोग्रॅम सुरू होतो) काय, हेच कळंना. म्हणून गाईड बाजूला ठेवून घरचाच विषय घेतला. पप्पा मोंढ्यावर माल घालतात, त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, येते. 'पट्टी' हा बेस क्लास, म्हणजे मूळ साचा, केला. त्यात क्विंटल आणि भाव, दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक. 'रक्कम' फंक्शन दोन्हींचा गुणाकार देतं. त्यापासून 'सोयाबीन' क्लास काढला आणि त्यात 'रक्कम' पुन्हा लिहिलं, हमाली वजा करून.

आता अडचण. १२ क्विंटल, भाव ४३००. कॉलेजच्या टर्बोवर (सी++ चा जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) बेसचं फंक्शन चालवलं तर उत्तर −१३९३६. मोबाईलच्या कंपायलरवर आधी एररच एरर, मित्राने वरच्या ओळी बदलून दिल्या तेव्हा कुठं ५१६०० आलं. प्रोग्रॅम तोच, मग असं का?

दुसरं, बेस क्लासचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा) घेऊन त्यात सोयाबीनच्या ऑब्जेक्टचा (क्लासवरून बनवलेल्या नगाचा) पत्ता दिला. तरी हमाली वजा होईना, बेसचंच 'रक्कम' चालतंय.

शिकवणीचा क्लास लाव म्हणू नका. लातुरात क्लास गल्लोगल्ली आहेत, पण सगळे नीट अन् जेईईचे. बायफोकलच्या सी++ ला कोण विचारतंय.

परभणीकर_सध्या_पुण्यात

भावा, मायनसचं मी सांगतो. टर्बोमध्ये इंट २ बाइटचा असतो, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं. ५१६०० त्यात बसत नाही. ५१६०० मधून ६५५३६ वजा करून बघ, तुझा −१३९३६ बरोब्बर येतो. मोबाईलवर इंट ४ बाइटचा, २१४ कोटींच्या पुढं जातो, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. प्रॅक्टिकलला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम असतो ना? त्यात ८ टाक. ४०३२० ऐवजी −२५२१६ दिसेल. ७ पर्यंत सगळं गोड.

उपाय म्हणून लाँग, म्हणजे मोठा पूर्णांक, घे. पण नुसता 'रक्कम'चा रिटर्न टाइप (परत येणाऱ्या आकड्याचा प्रकार) लाँग करून भागणार नाही. क्विंटल आणि भाव इंटच राहिले तर गुणाकार इंटमध्येच होतो, बिघडतो, आणि बिघडलेला आकडा लाँगमध्ये जाऊन बसतो. दोघांतला एक तरी लाँग हवा. खरं तर क्विंटल फ्लोटच (दशांशाचा आकडा) ठेव, माल कधी नेमका १२ क्विंटल भरतो का!

एररचं कारण साधं आहे. टर्बो १९९० च्या आसपासचा, सी++ चं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ ला. त्यात वरच्या ओळीतल्या आयओस्ट्रीम फाइलच्या मागचं 'डॉट एच' गेलं आणि नेमस्पेस एसटीडी (नावांचा गट) आलं. मेनला व्हॉइड चालत नाही, इंट लागतं. क्लिअर स्क्रीनचं फंक्शन तर सी++ चं नव्हतंच, ते टर्बोवाल्यांचं.

मराठवाडा_एक्स्प्रेस

सी++ मध्ये आता काय ठेवलंय? पायथन शिक, नोकरी लागेल.

नांदेडच्या_मॅडम

नोकरीचं नंतर बघू, आधी त्याला फेब्रुवारीत पेपर द्यायचाय, आणि पेपर सी++ चा आहे.

बेटा, तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. पट्टीच्या पॉइंटरवरून 'रक्कम' बोलावलंस तेव्हा कंपायलर फक्त पॉइंटर कुणाच्या जातीचा आहे तेवढं बघतो. पॉइंटर 'पट्टी'चा, म्हणून 'पट्टी'चं फंक्शन. त्या पत्त्यावर खरा माल कोणता आहे, हे प्रोग्रॅम चालताना कळतं, आणि तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. बेस क्लासमध्ये 'रक्कम'च्या आधी व्हर्च्युअल लिहिलं की निर्णय चालण्याच्या वेळेवर ढकलला जातो. अर्ली बाइंडिंग आणि लेट बाइंडिंग म्हणून जो फरक तू पाठ केलास, तो हाच.

एक शब्द वाढवून पुन्हा चालव. हमाली क्विंटलला २० रुपये धरली तर ५१६०० मधून २४० जाऊन ५१३६० यायला हवेत. येत नसतील तर दोन्हीकडचा प्रोटोटाइप (फंक्शनचं नाव, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप) ताडून बघ. नाव तेच पण पॅरामीटर वेगळे असतील तर व्हर्च्युअलचा काही उपयोग होत नाही, आणि रिटर्न टाइप एकीकडे फ्लोट, दुसरीकडे लाँग असेल तर कंपायलर पुढंच जाऊ देणार नाही. आणखी एक, क्विंटल आणि भाव प्रायव्हेटमध्ये असतील तर 'सोयाबीन'ला ते दिसणार नाहीत, प्रोटेक्टेड कर, म्हणजे दिसतील.

हमाली वजा करताना गुणाकार पुन्हा लिहीत बसू नकोस. 'सोयाबीन'च्या 'रक्कम'मध्ये पट्टी::रक्कम() असं बोलाव आणि त्यातून हमाली काढ. स्कोप रिझोल्युशन ऑपरेटरचा (:: या चिन्हाचा) उपयोग पेपरात विचारतात, तो असा हाताने केलेला बरा. 'पट्टी::' विसरलास तर फंक्शन स्वतःलाच बोलावत राहील आणि प्रोग्रॅम अडकेल. एकदा मुद्दाम करून बघ, पण आधी फाइल सेव्ह कर.

क्लासमध्ये काय, मेनमध्ये काय? प्रश्न वाचताना ज्या गोष्टींची किंमत साठवायची आहे त्या डेटा मेंबर, आणि त्या किमतींवर जे करायचं ते मेंबर फंक्शन. मेनमध्ये फक्त ऑब्जेक्ट तयार करायचा आणि फंक्शनं बोलवायची. माझ्याकडची मुलं सीआउट (पडद्यावर छापायची ओळ) मेनमध्ये कोंबतात आणि क्लास नावापुरता ठेवतात. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. क्लासच्या शेवटच्या कंसानंतर अर्धविराम विसरू नकोस. टर्बो आठवण करून देतो, उत्तरपत्रिका देत नाही.

औसेकर_बारावी

मॅडम, व्हर्च्युअल लिहिल्यावर ५१३६० आलं! आधी प्रोटोटाइपवरच अडलं होतं, बेसला लाँग अन् सोयाबीनला फ्लोट होतं. परभणीकर दादा, ८ चं फॅक्टोरियल टाकून वर्गात सगळ्यांना दाखवलं, आता सगळे ९ अन् १० टाकून बघायलेत.

अजून एकच. व्हर्च्युअलच्या नियमांत लिहिलंय की कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) व्हर्च्युअल करता येत नाही, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारं) करता येतो. पाठ तर केलं, पण असं का?

नांदेडच्या_मॅडम

व्हर्च्युअल म्हणजे समोरचा ऑब्जेक्ट कोणता ते बघून ठरवणं. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा ऑब्जेक्ट अजून बनतच असतो, मग बघणार कुणाकडे? आधी 'पट्टी'चा कन्स्ट्रक्टर चालतो, मग 'सोयाबीन'चा. डिस्ट्रक्टर उलट्या क्रमाने, आणि तेव्हा ऑब्जेक्ट हजर असतो. बेसच्या पॉइंटरवरून डिलीट करणार असशील तर डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल हवाच, नाहीतर 'सोयाबीन'चा डिस्ट्रक्टर चालेल याची खात्री नाही. दोन्हींत एकेक सीआउट टाक आणि क्रम स्वतः बघ. काय आलं ते इथं लिही.