सीरियन हॅमस्टरसाठी मोठा पिंजरा करून घ्यायचाय, मापं आणि साहित्य सांगा

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी. मुलीसाठी हॅमस्टर आणलाय, दुकानात 'टेडी बेअर' म्हणून विकतात तो सोनेरी-पांढरा. सोबत दुकानदाराने दिलेला पिंजरा असा: तळ १४ × १० इंच, दोन मजले, प्लास्टिकची नळी, गजांचं ५ इंची चाक, खाली दोन बोटं भुसा. रात्री अकरा वाजले की गज चावायला सुरुवात, ते पहाटेपर्यंत. चाकात शिरला की पाठ धनुष्यासारखी वाकते.

मोठे तयार पिंजरे इथं मिळत नाहीत. पण सुतार, मत्स्यपेट्या करणारा काचवाला आणि वेल्डर, तिघंही ओळखीचे आहेत. म्हणून विचारतोय:

१. तळाचं माप किती ठेवू? काच बरी, प्लास्टिकचा मोठा डबा बरा, की जाळी?
२. भुसा कुपवाडच्या वखारीतून मिळेल, पोल्ट्रीवाल्याकडून भाताचं तूसही मिळेल. चालेल का?
३. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. एप्रिल-मेचं काय करायचं?
४. दुकानदार म्हणतो एकटा कंटाळेल, जोडीदार न्या. न्यावा का?

---

कृष्णाकाठ, मिरज

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथं चुकलात तर बाकीचं वाया. जोडीदार अजिबात नको. सीरियन हॅमस्टर वयात आला की एकटाच राहतो. नर-नर, मादी-मादी, सख्खी भावंडं, काहीही असो, दोन महिन्यांच्या पुढे मारामाऱ्या सुरू होतात आणि त्या जिवावर बेततात. नर-मादी ठेवलीत तर सोळाव्या दिवशी पिल्लं. दुकानात एका काचेत दहा दिसतात ती सगळी लहान वयाची असतात म्हणून.

आता माप. तुमच्या पिंजऱ्याचे दोन मजले मोजू नका, सलग तळ मोजा. जर्मनीतल्या पशुवैद्यांच्या प्राणिकल्याण संघटनेने किमान १०० × ५० × ५० सेंटिमीटर सांगितलंय, तेच धरून चाला. काचवाल्याच्या भाषेत ४० × २० × २० इंच. पाणी भरायचं नाही, त्यामुळे ५ मिमी काच पुरते. रिकामी पेटी २६ किलोच्या आसपास भरेल, तेव्हा ती कुठं ठेवायची ते आधी ठरवा. काचवाल्याला चार गोष्टी बजावून सांगा:

- वर आडवी काचपट्टी मारू नको. मत्स्यपेटीला सवयीने मारतात. इथं ती चाक बसवताना आड येते. लांबीच्या दोन बाजूंना पट्टी चालेल.
- वरच्या सगळ्या कडा घासून बोथट कर.
- आतल्या कोपऱ्यात सिलिकॉनचे फुगे राहिले तर ब्लेडने काढ, नाहीतर हॅमस्टर ते कुरतडून काढतो.
- पेटी झाल्यावर आठवडाभर उघडी ठेव. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत सोडायचा नाही.

प्लास्टिकच्या डब्याला माझा विरोध नाही, पण बाजारात मिळणारे मोठे डबे वर रुंद आणि तळाला निमुळते असतात. लेबलवरचं माप झाकणाचं असतं. तळाला टेप लावून बघा, बहुतेक डबे नापास होतात. जाळीच्या पिंजऱ्यात खोल भुसा थांबतच नाही, आणि तुमच्या हॅमस्टरला गज चावायची सवय लागलेली आहे.

भुश्याची खोली हा खरा मुद्दा. सीरियात रानात यांची बिळं सरासरी ६५ सेंटिमीटर खोल सापडली आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात सोनेरी हॅमस्टर १०, ४० आणि ८० सेंटिमीटर भुश्यात ठेवून तुलना केली. १० सेंटिमीटरवाले गज जास्त चावत होते, ८० वाल्यांपैकी एकही नाही. तुमच्याकडे दोन बोटं, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटर. त्याचा स्वभाव वाईट नाही, त्याला खणायला जागा नाही.

२० इंची पेटीत ८० शक्य नाही. मांडणी अशी करा: लांबीच्या ६० सेंटिमीटर भागात ३० सेंटिमीटर खोल, उरलेल्या ४० मध्ये १२ सेंटिमीटर. दोन्ही भागांच्या मध्ये रुंदीभर एक फळी उभी करा म्हणजे उतार ढासळत नाही. हिशेब केलात तर पहिल्या भागाला ९० लिटर, दुसऱ्याला २४, एकूण ११४ लिटर, तेही दाबून बसवलेलं. सुटा माल दीडपट आणा. न दाबता ओतलात तर बोगदा होतच नाही, खणलं की वरचं खाली येतं. ५ सेंटिमीटरचा थर, तळहाताने दाबा, वर मूठभर वाळकं गवत पसरा, परत थर.

वखारीचा करवतीचा भुसा म्हणजे पीठ असतं. नाकात जातो, शिंका, मग छातीचा आजार. शिवाय त्यात सागवान, शिसम, प्लायवुड सगळं एकत्र येतं. प्लायचा डिंक वेगळाच. एमआयडीसीत पाइनची खोकी फोडतात त्याचे रंध्याचे छिलके दिसायला छान असतात, पण टर्पेंटाइनसारखा वास आला तर सोडून द्या. देवदारही नको. भाताचं तूस टोकदार असतं, गालाच्या पिशवीत आणि डोळ्यात टोचतं, वर ते एकमेकांना धरत नाही. कोंबड्यांना ठीक, कारण कोंबडी बोगदा खणत नाही.

मग काय वापरायचं? ऑनलाइन मिळणारं कागदी बेडिंग (खाली पसरायचा मऊ कागदी भुसा) किंवा ऍस्पनचे, म्हणजे पॉप्लर जातीच्या झाडाचे, छिलके. महाग पडतं, म्हणून एक चतुर्थांशपर्यंत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या मिसळा. छापखान्यात कटिंग मशीनखाली ढिगाने पडतात. चकचकीत आर्ट पेपर, छापील आणि कार्बनलेस वेगळे काढा. द्राक्षांच्या पेटीत येणारी कात्रणं आणि पेटीचा पुठ्ठा मात्र वापरू नका. निर्यातीच्या पेटीत गंधकाचा वायू सोडणारे कागद घालतात, आणि कुठली पेटी कशाची ते आपल्याला कळत नाही.

घरट्यासाठी दुकानात रंगीत 'हॅमस्टर कापूस' देतात तो परत करा. धागा पायाला गुंडाळला की पाय काळा पडतो, गिळला तर आतडं अडतं. साधा, वास नसलेला टिश्यू पेपर फाडून द्या, तो स्वतः बारीक करून घेतो.

---

रंधा-पटाशी, सातारा

वरचं सगळं बरोबर. सुताराच्या कामाचं मी सांगतो.

झाकण. सपाट करू नका. ३० सेंटिमीटर भुसा भरल्यावर जाळी फक्त २० सेंटिमीटर वर उरते, आणि मोठा सीरियन मागच्या पायावर ताणून उभा राहिला की तिथं पोचतो. मग उलटा लटकत जातो आणि मधेच सुटून पडतो. ४ इंच उंचीची लाकडी चौकट करा, तिच्यावर अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी. कापलेली टोकं बाहेर वळवा, आत नाही. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, ती मऊ असते. घरात मांजर फिरत असेल तर दोन बाजूंना कडी लावा.

चाक. सीरियनला आतला व्यास २८ सेंटिमीटर. पाठ सरळ राहिली पाहिजे, एवढीच कसोटी. गजांचं चाक काढून टाका, धावताना पाय गजात अडकून मोडतो. हे माप इथल्या दुकानांत दिसत नाही, पण करता येतं:

खाद्यतेलाची किंवा श्रीखंडाची मोठी गोल बादली घ्या, तळाचा आतला व्यास २८ ते ३० सेंटिमीटर मोजून. रंगाची बादली नको. तळापासून ११ सेंटिमीटरवर गोल कापा, कड सँडपेपरने घासा. तळाचा मध्य काढा: कागदावर त्याच मापाचं वर्तुळ कापून दोनदा घडी घाला, घड्या छेदतात तो मध्य. ८ मिमी भोक. ६०८ नंबरचं बेअरिंग आणा, बाहेरून २२ मिमी, आतून ८ मिमी. दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असलेलं, म्हणजे ग्रीस चाटता येत नाही. १८ मिमी जाड फळीत २२ मिमी भोक पाडून ते ठोकून बसवा. ८ मिमीचा बोल्ट बादलीच्या आतून बाहेर, दोन्ही बाजूंना वॉशर, बादली आणि बेअरिंगमध्ये एक नट जास्तीचा. तो विसरलात तर बादली फळीला घासते आणि रात्रभर करकर. मागे नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, साधा नट फिरून फिरून सुटतो. आतून बुचाचा पातळ पत्रा चिकटवा म्हणजे पाय घसरत नाहीत. फोम नको, तो खातात.

मध्य २ मिमी जरी चुकला तरी चाक एका बाजूला लोंबतं आणि धावताना उड्या मारतं. तसं झालं तर नवी बादली घ्या, भोक मोठं करून जुळवत बसू नका.

वजनदार वस्तू. चाक, मातीची कुंडी, फरशी यांतलं काहीही नुसत्या भुश्यावर ठेवायचं नाही. खालून बोगदा गेला की वस्तू खचते आणि तो आत दबतो. तळाच्या काचेवर उभे राहतील असे चार पाय लावून फळी करा आणि सगळं तिच्यावर.

घर. रंग-वार्निश नसलेल्या लाकडाचं, तळ नसलेलं, तीन खोल्यांचं, वरचं छप्पर उचलता येईल असं. दरवाजा ७ सेंटिमीटर. ५ चा केलात तर गाल भरून आल्यावर अडकतो. जोडाला पांढरा डिंक, चुका-खिळे टाळा. खोल बाजूला पायांवर ठेवा, तो घरातूनच खाली बोगदा काढतो.

आमच्याकडं थंडीचंही बघायला लागतंय. डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली १० अंशांच्या खाली गेली तर हॅमस्टर कडक, गार, जवळजवळ श्वास नसलेला सापडू शकतो. लोक मेला समजून पुरतात. हातात धरून, मग उबदार खोलीत हळूहळू ऊब द्या. हीटरसमोर धरू नका.

---

तासगाव वेस

उन्हाळ्याचं उत्तर राहिलं. १८ ते २६ अंश उत्तम, ३० ओलांडलं की धोका. सांगलीत स्लॅबखाली दुपारी चाळीसच्या आसपास जातं, तेव्हा काचेची पेटी वरच्या मजल्यावर ठेवायची म्हणजे भट्टीच. मार्च ते जून तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, उन्हाची तिरीप न येणाऱ्या खोलीत हलवा. तळमजला नसेल तर एसीची खोली. मधला मार्ग फारसा नाही.

नुसता पंखा उपयोगाचा नाही, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. कूलरचा झोत थेट नको, भुसा दमट होऊन बुरशी धरतो. आणि खोल भुसा म्हणजे रानातली जमीन नव्हे. खोली सतत तापलेली राहिली तर दोन-चार दिवसांत आतही तेवढंच तापतं. थर्मामीटर भिंतीवर नको, पेटीत भुश्याच्या पातळीला लावा.

आत शहाबादी फरशीचा ६ × ९ इंचाचा तुकडा ठेवा, तिच्यावर पोट टेकून पसरतो. एक मातीचं मडकं आडवं. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून, एकाच टोकाला, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा लांब जाता येतं. लाळ गळते, अंग सैल पडतं, धापा टाकतो असं दिसलं तर ऊष्माघात: गार खोलीत न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाचं पाणी नाही, आणि लगेच डॉक्टर. डॉक्टर आधीच शोधून ठेवा, बरेच जण फक्त गुरं-कुत्री बघतात. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरला तोंडावाटे दिली तर जिवावर बेततात, हे विचारायला लाजू नका.

मुंग्या: टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू पेटीच्या आसपास ओढू नका.

---

विश्रामबागकर, सांगली

मनापासून आभार. काचवाल्याला माप दिलं. दोन शंका. अंघोळीला वाळू लागते असं वाचलं, कृष्णेची चालेल का? आणि एवढा ११४ लिटर भुसा दर आठवड्याला बदलायचा?

---

कृष्णाकाठ, मिरज

आठवड्याला बदललात तर तुमचं दिवाळं आणि त्याचा जीव कावराबावरा. त्याच्या वासाचं सगळं घर जातं, मग तो परत चावायला लागतो. लघवीचा कोपरा ठरलेला असतो, तेवढा दोन-तीन दिवसांनी मूठभर काढा. दीड महिन्याने एक तृतीयांश बदला, घरटं आणि साठवण तशीच ठेवून. साठवणीत काकडी-गाजर लपवलेलं असेल तर तेवढं काढा. पावसाळ्यात तळाचा थर काचेतून बघत राहा, दमट डाग दिसला की तेवढा उपसा.

नव्या पेटीत टाकताना जुन्या घरट्यातला भुसा नव्या घरात ठेवा आणि तीन-चार दिवस हात लावू नका. चावायची सवय लगेच जाईल असं धरू नका, काही आठवडे जाळीकडे बघत राहील.

वाळू: नदीची चालते, क्रश सँड नाही. ती दगड फोडून केलेली, कण धारदार आणि पीठ भरपूर. नदीची वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, वाळवा, रव्याच्या चाळणीने वरचे खडे काढा, मग मैद्याच्या चाळणीने खालची धूळ. मधली राहते ती घ्या. लोखंडी कढईत अर्धा तास परता, पूर्ण गार होऊ द्या. १० × ८ इंचाच्या ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर, कमी खोल बाजूला फळीवर. बहुतेक त्यातच लघवी करेल, ते बरंच. रोज गाळणीने गोळे काढा. पावडरसारखी 'बाथ डस्ट' मिळते ती चिंचिला नावाच्या दुसऱ्या पाळीव प्राण्याची, ती नको.

खाणं वाटीत न देता भुश्यावर विखरा: बाजरी, राळं, ज्वारी, गहू, थोडं जवस, सूर्यफुलाच्या दोन-तीन बिया, दिवसाला एक मोठा चमचा भरून. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा पांढरा भाग. बेदाणा देऊ नका, कितीही घरचा असला तरी. गालात चिकटून राहतो. पाण्याच्या बाटलीची गोळी रोज बोटाने दाबून बघा, गोळी अडकली तरी बाटली बाहेरून भरलेलीच दिसते.