ऑटिझमची शंका असलेल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला क्रूझवर न्यावं का? न्यायचं तर तयारी काय?

सांगलीची_आई

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त जानेवारीत सगळं घर मिळून अकरा माणसं मुंबई–गोवा–मुंबई क्रूझला जायचं चाललंय. तीन रात्री. मुलगा तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांचा असेल. शब्द मोजके आणि तेही हवे तेव्हा येत नाहीत. हाक मारली तर वळत नाही. मिक्सर किंवा कुकरची शिट्टी वाजली की कान झाकतो. दार उघडं दिसलं की धूम ठोकतो. पाण्याची फार ओढ आहे. जेवणात दहीभात, पारले-जी आणि एकाच प्रकारचे चिप्स. डॉक्टरांनी ऑटिझमची शंका बोलून दाखवलीय, पुण्यातली तपासणीची तारीख क्रूझनंतर दोन आठवड्यांनी आहे. डायपर अजून सुटलेला नाही.

न्यावं की नाही, निदान हातात नसताना कंपनीला काय सांगायचं, आणि नेलं तर नेमकं कुठे अडतं, हे तिन्ही सांगा. बुकिंग या महिन्यात करायचंय.

बालविकास_सातारा

ताई, तारीख क्रूझनंतर आहे म्हणून तोवर हातावर हात धरून बसू नका. बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची आधी श्रवणचाचणी व्हायला हवी. ती सांगली-मिरजेतच होते, पुण्याची वाट बघायची गरज नाही. पुण्याच्या तपासणीतही तो रिपोर्ट मागतीलच. थेरपी सुरू करायलासुद्धा निदानाचा कागद लागत नाही. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. तिथली सेवा मोफत असते. नेटवर एम-चॅटची (ऑटिझमची शक्यता चाळून बघायची) प्रश्नावली भरून गुण मोजत बसलेले पालक बरेच भेटतात. ते वीस प्रश्न 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहेत. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, त्यामुळे त्या आकड्यावर ना घाबरायचं ना निर्धास्त व्हायचं.

कंपनीला “ऑटिझमची तपासणी सुरू आहे” एवढं पुरतं. जहाजावरच्या माणसाला निदानाच्या नावाचा उपयोग कमीच, मूल काय करतं ते कळलं की तो मदत करू शकतो. एक कागद करा, इंग्रजी आणि हिंदीत, कारण कर्मचारी देशोदेशीचे असतात. मजकूर असा काहीतरी: “आमचा मुलगा तीन वर्षांचा होत आलाय. बोलत नाही. नाव घेतल्यावर थांबेल असं नाही. मोठ्या आवाजाला घाबरतो आणि पळतो, पाण्याकडे जातो. एकटा दिसला तर वाट अडवा, खाली बसा, मोठ्याने बोलू नका, आम्हाला लगेच बोलवा.” खाली फोटो आणि आईवडिलांची नावं. जहाजावर चढल्या चढल्या एक प्रत गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला द्या आणि एक तुमच्या खोलीच्या कर्मचाऱ्याला.

आता बोट लागण्याचं. न बोलणारं मूल “मळमळतंय” म्हणणार नाही. चेहरा उतरतो, लाळ गळते, जांभया येतात, आवडता खाऊ ढकलून देतं, अंगाला चिकटून बसतं. याला हट्ट समजून घरचे रागावतात आणि मग उलटी होते. ॲव्होमिनसारख्या गोळीत प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, आणि त्यापुढेही वजनावरून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. बहुतेक मुलं त्याने पेंगतात, काही मात्र उलट चिडचिडी होऊन रात्रभर जागतात. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंच, तर पहिला डोस कसा आणि कधी द्यायचा तेही त्यांनाच विचारा, जहाजावर पहिला प्रयोग नको. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. जानेवारीत अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने बराच शांत असतो, महिना तुम्ही योग्य निवडलाय.

जहाजी_मिरज

कुठे अडतं ते क्रमाने सांगतो, कारण पहिल्या सहा तासांतच बहुतेक घोळ होतात.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलात तर सीएसएमटीला सकाळी उतरता. बॅलार्ड पियरचं टर्मिनल तिथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे, पण जहाजावर प्रवेश सहसा दुपारचा. मधले तास सामानासकट मुलाला कुठे ठेवणार? फोर्ट भागात तेवढ्यापुरती खोली घ्या, किंवा आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा. थकलेलं मूल रांगेत उभं केलं की पुढचं सगळंच बिघडतं.

चेक-इनची वेळ निवडता येत असेल तर पहिली घेऊ नका. लवकर चढलेल्यांना केबिन तयार नसते, मग सगळे बुफेत गर्दी करतात. मधली किंवा त्यानंतरची घ्या, मात्र चेक-इन बंद होण्याआधी तासभर हाती राहील अशी. कंपनीला ईमेलने प्रवेशात प्राधान्य मागा. फोनवरचं आश्वासन टर्मिनलवरच्या माणसापर्यंत पोचत नाही. ईमेलची छापील प्रत जवळ असू द्या. सुरक्षातपासणीत मुलाला परकं माणूस चाचपणार असेल तर आधीच सांगा आणि मूल कडेवर घ्या.

मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून डायपर, दोन जोड कपडे, औषधं, खाऊ, कानांवरचे मफ आणि त्याची रोजची चादर हातातल्या पिशवीत. घरी शिजवलेलं अन्न जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातला सुका खाऊ चालतो का ते ईमेलमध्येच विचारून घ्या. पारले-जी आणि ते चिप्स चार दिवसांना पुरून उरतील इतके घ्या, जहाजावरच्या दुकानात नेमका तोच ब्रँड मिळेल या भरवशावर राहू नका. साधा दहीभात स्वयंपाकघर करून देतं, पण आठवडाभर आधी कळवलं तर. जेवायला दार उघडताच जा, भिंतीकडेचं टेबल मागा. अर्ध्या तासाने तीच जागा ओळखू येत नाही इतका गलका होतो.

निघण्याआधी सुरक्षेची ड्रिल होते आणि ती सगळ्यांना सक्तीची असते. इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. तुमच्या मुलासाठी ही सगळ्यात अवघड घटका. ड्रिल किती वाजता आहे ते चढताना विचारा, दहा मिनिटं आधी मफ घाला, आणि आपल्या मस्टर स्टेशनच्या (आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेच्या) कडेला, दाराजवळ उभं राहू द्या असं तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. ड्रिल टाळायची सवलत मात्र मागू नका, खरी वेळ आली तर तोच रस्ता पायाखालचा असायला हवा. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे का ते त्याच दिवशी उघडून बघा, नसेल तर लगेच मागून घ्या.

केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावे कमी. नकाशात वर-खाली काय आहे ते बघूनच नंबर ठरवा: वर डान्स फ्लोअर किंवा पूल डेक नको, शेजारी लिफ्ट नको, खाली थिएटर नको. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. अगदी पुढच्या टोकाच्या खालच्या केबिनमध्ये बंदरात लागताना थ्रस्टरची (जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्याची) धडधड पहाटे झोप मोडते.

बाथरूमकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथला फ्लश व्हॅक्यूमचा असतो, क्षणभर फाटकन मोठा आवाज होतो. मूल आत असताना दाबू नका, झाकण लावून, त्याला बाहेर काढून मगच. बादली-मग मिळत नाही, फक्त शॉवर. डोक्यावरून पाणी पडलेलं ज्या मुलाला सोसत नाही त्याच्यासाठी घडीची रबरी बादली आणि मग न्या. बाथरूमचा उंबरा उंच असतो, पहिल्या दिवशी हमखास ठेच लागते.

सांगलीची_आई

दोघांचेही आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना बाल्कनीची केबिन हवीय, मोकळी हवा मिळेल म्हणून. घ्यावी का? आणि त्याला हे सगळं जमेल का ते आधी इथेच कुठे तपासून बघता येईल का?

जहाजी_मिरज

चढणाऱ्या, पळणाऱ्या मुलासाठी बाल्कनी नको. कठड्याचा धोका नसतो, त्याच्याजवळच्या खुर्चीचा आणि टेबलाचा असतो. बंद गॅलरीचं दारही कुणीतरी घाईत उघडं ठेवतंच. सासूबाईंना वेगळी बाल्कनीवाली द्या, तिथे मुलाला एकटं सोडायचं नाही एवढं ठरवा. तुम्ही खिडकीची किंवा आतली केबिन घ्या. आतली पूर्ण काळोखी असते. काही मुलं तिथे घरच्यापेक्षा शांत झोपतात, काही घाबरतात, म्हणून बॅटरीवरचा छोटा दिवा. वरची घडीची बंक उघडू नका असं सांगून ठेवा.

केबिनचं दार जड असतं, पण आतून हँडल खाली केलं की उघडतं. बॅटरीवर चालणारा दाराचा अलार्म मिळतो, तो लावा. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर लोखंडी असतात, त्यामुळे चुंबक चिकटतात. मुलाला पुढे काय ते दाखवणारी चित्रांची पाटी लावायला ते सोयीचं. एक्स्टेंशन बोर्ड, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री बॅगेत नको, तपासणीत काढून घेतात.

आणखी एक. गोव्यात जहाज लागलं की बहुतेक लोक बसने फिरायला उतरतात. मूल थकलेलं असेल तर एक मोठं माणूस त्याच्यासोबत जहाजावरच राहू द्या. तेव्हा बुफे, डेक, लिफ्ट सगळं रिकामं मिळतं, आवाजही निम्म्यावर येतो. पूलमध्ये डायपरच्या मुलाला सहसा उतरू देत नाहीत, लहानग्यांचा वेगळा पाण्याचा भाग आहे का ते आधी विचारा. आणि पूलवर लाइफगार्ड असेलच असं धरून चालू नका. किड्स क्लबचंही तसंच: बऱ्याच जहाजांवर तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला हवा. त्या भरवशावर कसलीही योजना आखू नका.

थेरपी_सांगली

चाचणी इथेच होते ताई, आणि बुकिंगच्या आधीच करा.

पहिलं, पाणी आणि इंजिन. साताऱ्याकडे बामणोली किंवा तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँच चालते, डिझेल इंजिनचा आवाज आणि थरथर तिथे भरपूर मिळते. अंगाला बसणारं लाइफ जॅकेट घालून अर्धा तास बसवा. जॅकेट अंगावर ठेवतो का, कान झाकून रडतो की थोड्या वेळाने सावरतो, पाण्यात झेप घ्यायला बघतो का, एवढं टिपून ठेवा. दुसरं, परकी खोली. कुठल्याही बुफे असलेल्या हॉटेलात एक रात्र राहा. नवीन पलंग, शॉवर, गजबजलेलं जेवण आणि लिफ्ट या चार गोष्टी तिथेच कळतात. पहिल्या रात्री झोप उशिरा लागणं ठीक, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवण आणि झोप दोन्ही बंद राहिली तर तीन रात्रींची क्रूझ त्याला आत्ता जड जाईल. बसमधून मध्येच उतरता येतं, समुद्रात तसं होत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा.

मफ लहान मुलांच्या मापाचे घ्या. कारखान्यातले मोठे मफ डोकं दाबतात आणि मूल ते कायमचे नाकारतं. आजपासून रोज पाच मिनिटं, आवडती गोष्ट चालू असताना, घरात शांतता असतानाच घालायची सवय लावा. आवाज आल्यावर पहिल्यांदा घातले तर त्याच्या मनात मफ म्हणजे भीती हेच बसतं. दिवसभरही घालून ठेवू नका, साधे आवाजही मग जास्त बोचू लागतात. भोंग्याचं रेकॉर्डिंग फोनवर अगदी बारीक आवाजात ऐकवा, रोज किंचित वाढवत. रडला तर मागच्या पातळीवर या.

कार्डं करा, हाताने काढलेली चित्रं नकोत, खरे फोटो. रेल्वे, टॅक्सी, रांग, जहाज, खोली, जेवण, घर. सातच पुरेत. एका वेळी दोनच दाखवायची: आधी रांग, मग चिप्स. झालेलं कार्ड त्याच्याच हाताने काढून डब्यात टाकायला लावा. “घर” हे कार्ड शेवटपर्यंत भिंतीवर दिसत राहू द्या. वाक्यं तोकडी ठेवा. “आता खोली” म्हणा, “चल बघू, आपण आता जरा खोलीत जाऊन येऊ या” नको.

वाळवेकर

वरच्यांनी मुलाचं सांगितलं, मी घरच्यांचं सांगतो, कारण अकरा माणसांत मूल हरवतं ते “तुझ्याकडे असेल असं वाटलं” यामुळेच. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, “आता तुझ्याकडे”, आणि समोरच्याने “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पाळीवाल्याने फोन खिशात ठेवायचा. मुलाला रोज भडक रंगाचा शर्ट घाला आणि सकाळी त्याच कपड्यांत एक फोटो काढून ठेवा. जीपीएसच्या घड्याळावर विसंबू नका, लोखंडी डेकच्या आत त्याला सिग्नल मिळत नाही आणि किनारा सुटला की मोबाइलची रेंजही जाते. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांनी सैरावैरा धावायचं नाही: दोघे सरळ पूलकडे आणि उघड्या डेककडे, एक जण गेस्ट सर्व्हिसला, एक केबिनच्या दारात. आधी पाण्याच्या जागा, बाकी नंतर.

आजी-आजोबांशी निघण्याआधीच बोला. “ये मांडीवर”, “नमस्कार कर”, “इकडे बघ, फोटो” हे चार दिवस बंद. तो आपणहून जवळ आला तर बसू द्यायचं. केक कापताना टाळ्या, गाणं, फुगे फुटणं, सगळं एकदम अंगावर येतं. त्या पाच मिनिटांसाठी तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन बाहेर थांबायचं, गाणं संपल्यावर आत. आजोबांसोबतचा फोटो सकाळी, तो, आजोबा आणि तुम्ही असे तिघेच असताना काढा.

बुकिंग करताना रद्द करण्याचे टप्पे लेखी मागवा. किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे कापतात हे कळलं की बामणोलीची फेरी आणि हॉटेलची रात्र त्या तारखेच्या आत बसवता येते. तुमची केबिन बाकीच्यांपेक्षा वेगळ्या बुकिंग नंबरवर घ्या, म्हणजे तुम्ही तिघं मागे राहिलात तरी बाकी आठ जणांचं तिकीट अडकत नाही.