खेळांची टपाल तिकिटं: जुनी कोरणी खरी की आजचा फोटो?

सराफ्यातला (इंदूर): काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की 1896च्या ग्रीक सेटनंतर खेळाच्या तिकिटांवर कला उरलीच नाही, नुसते फोटो डकवतात. अहो, तो सेट भिंगाखाली धरलाय का कधी? पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी काढलेली 12 तिकिटं, आणि त्या स्पर्धेतला एकही खेळाडू त्यांत नाही! 1 आणि 2 लेप्टावर (ग्रीसचं सुटं नाणं) प्राचीन मुष्टियोद्धे, 5 आणि 10वर प्राचीन शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या, 25 आणि 60वर चार घोड्यांचा रथ, 10 द्राख्मावर (म्हणजे 1000 लेप्टा) अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस. हे खेळाचं चित्रण म्हणायचं की पुराणवस्तूंचं?

बाड्यावरून (ग्वाल्हेर): ते लिहिणारा मीच. त्या ग्रीक सेटचे साचे करणाऱ्या फ्रेंच कोरक्याची, मूशाँची रेघ बघा आणि मग 2013चं सचिनचं तिकीट बघा. वर्तमानपत्रातलं कात्रण वाटतं.

सराफ्यातला: मूशाँनं साचे कोरले हे बरोबर, पण छपाई लेटरप्रेसची, म्हणजे साच्याच्या उंच भागाला शाई लावून केलेली आहे. इंटाग्लिओ, म्हणजे कोरलेल्या खाचांत शाई भरून केलेली असती तर शाई बोटाला उठून लागली असती. त्या सेटवर बोट फिरवा, सपाट लागेल. कोरणी-कोरणी करताना एवढं तरी बघा.

फोटोची खरी अडचण वेगळी आहे. आपलं नेहमीचं स्मारक तिकीट 39 × 29 मिलिमीटर. त्या रुंदीत आठ मीटरचं मैदान बसवलं, तर 72 मिलिमीटरचा क्रिकेटचा चेंडू उरतो जेमतेम 0.35 मिलिमीटर. छापताना फोटोचे ठिपके पाडतात; सेंटीमीटरला 100 रेघांच्या जाळीवर ते रुंदीला तीन-चार ठिपके. चेंडू गायब, आणि फलंदाज हवेत बॅट फिरवतोय. चित्रकार चेंडू मुद्दाम मोठा काढतो, पार्श्वभूमी पुसतो, म्हणून खेळ दिसतो. ब्रिटनची 1973ची, जुना इंग्लिश क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेसची तीन तिकिटं घ्या. चित्रकार हॅरी फर्निसची व्यंगचित्रं, चार फटकाऱ्यांत अख्खा माणूस हलतोय.

मांडवीकर (वडोदरा): चर्चा छान, पण 1996च्या क्रिकेटपटूंच्या सेटबद्दल कुणी बोलेल का? नायडू, मर्चंट, मंकड, देवधर. आमचा विजय हजारे कुठाय? 1947-48मध्ये अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं ठोकणारा माणूस!

सराफ्यातला: हजारे तेव्हा हयात होते. 2004ला गेले. आपल्याकडे तिकीट बहुतेक मरणोत्तरच निघतं. त्या चौघांत शेवटचे देवधर, तेही 1993मध्ये गेले होते.

मांडवीकर: हयात म्हणून नाही? 1958ला महर्षी कर्वे हयात होते, 1960ला विश्वेश्वरय्या होते, आणि 2013ला सचिन तर वानखेडेवर 200वी कसोटी खेळत होता. नियम फक्त बडोद्यालाच लागतो वाटतं!

बाड्यावरून: कर्वे, विश्वेश्वरय्या दोघंही शंभरीला पोचलेले. अपवादालाही कारण लागतं.

मांडवीकर: सचिन काय शंभरीचा होता? आणि इंदूरच्या लोकांनी हजारेंचं नाव ऐकून गप्प बसावं हे समजू शकतो. 1946-47ची रणजी अंतिम लढत, हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटला 577. समोर कोण? तुमच्या इंदूरचा होळकर संघ. बडोदा जिंकलं, एक डाव आणि 409 धावांनी.

सराफ्यातला: एका सामन्यावर किती वर्षं काढणार? होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली: 1945-46, 47-48, 50-51, 52-53. आणि सेटमध्ये आमचे सीके, म्हणजे नायडू आहेत, भारताचा पहिला कसोटी कर्णधार. ते नाकारता येतंय का बघा.

बाड्यावरून: धागा तिकिटांचा आहे, रणजीचा नव्हे. सराफ्यातले, ग्रॅव्ह्यूर (बारीक खड्ड्यांतल्या शाईची छपाई) आणि ऑफसेट (सपाट पत्र्यावरून रबरामार्फत होणारी छपाई) ओळखायचं कसं ते तरी सांगा, नवख्यांना उपयोग होईल.

सराफ्यातला: दहापट भिंग घ्या आणि अक्षराच्या कडा बघा. करवतीसारख्या दातेरी दिसल्या तर ग्रॅव्ह्यूर. अक्षर एकाच रंगात भरलेलं आणि कड स्वच्छ, पण चित्र मात्र रंगीत ठिपक्यांच्या फुलांचं, तर ऑफसेट. चित्राच्या मधोमध बघू नका, तिथे फसगत होते. नाशिकच्या सरकारी छापखान्यात फोटोग्रॅव्ह्यूर आलं 1952च्या संतकवींच्या सेटपासून. ऑफसेटमध्ये चेहरा बरा उतरतो हे मान्य, पण रंगांचा मेळ केसभर हुकला की खेळाडूच्या कडेला दुसरी सावली लागते.

बाड्यावरून: म्हणजे फोटो वाईट नाही, छपाई वाईट. हेच मी म्हणत होतो.

सराफ्यातला: हो का! काल तर कला मेली होती. ठीक आहे, ग्रीक सेटची मांडणी देखणी आहे, एवढं तुम्हाला दिलं. खेळाडू मात्र अजून सापडलेला नाही.

मांडवीकर: आणि हजारेंचं काय?