मदत हवी आहे: टँकमध्येच जन्मलेला मँडरिन किंवा दुसरा कुठला मरीन मासा आपल्याकडे मिळतो का?

खारंपाणी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

डोंबिवलीला राहते, घरात चार फुटी मरीन टँक आहे, दीड बाय दीड, म्हणजे साधारण अडीचशे लिटर. सम्प (खालची फिल्टरची टाकी) आहे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारा) आहे, मे महिन्यासाठी चिलर आहे (त्याचं बिल आलं की नवरा दोन दिवस बोलत नाही). दगड सगळे ड्राय रॉक, समुद्रातून उचललेलं काही नाही. मासे सध्या दोनच, निमोची (क्लाउनफिशची) जोडी. ती हॅचरीत जन्मलेली, तीन वर्षं झाली, ठणठणीत. एकाचा पांढरा पट्टा अर्धवट आहे म्हणून स्वस्तात मिळालेला, आमच्याकडे त्याचं नाव अर्धा.

आता खरं दुखणं. मागच्या दिवाळीत मी मँडरिन आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निळ्यावर नारिंगी नक्षी असलेला बोटाएवढा मासा, पैठणीचा पदर पाण्यात सोडल्यासारखा दिसतो. दुकानदाराला तीनदा विचारलं काय खातो, तो म्हणाला ताई सगळं खातो, टँक ब्रेड आहे, म्हणजे टँकमध्येच जन्मलेला. घरी आणल्यावर पेलेट (कोरड्या गोळ्या) नाही, फ्रोझन नाही, ब्राइन श्रिम्प नाकासमोरून गेली तरी ढिम्म. दिवसभर दगड टोचत फिरायचा. पहिले दोन आठवडे मला वाटलं अरे वा खातोय की, नंतर कळलं दगडावरचे कोपेपॉड (जेमतेम दिसणारे कोळंबीच्या जातीचे जीव) वेचून संपवत होता आणि नवीन तयार व्हायचा वेग त्याच्या भुकेपुढे काहीच नव्हता. पाचव्या आठवड्यात पोट आत गेलं, डोक्यामागचा भाग सुरीच्या पात्यासारखा दिसायला लागला आणि एका सकाळी गेला. माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मेला आणि मी समोर खाण्याच्या पाच डब्या घेऊन उभी. लेकीने विचारलं आई तू त्याला जेवायला का नाही दिलंस, काय सांगणार.

तेव्हापासून ठरवलंय समुद्रातून पकडलेला मासा घरात आणायचा नाही. पण मग आणायचं काय हेच कळत नाही. मला मँडरिन हवाय जो पेलेट खाऊन वाढलाय, यलो टँग (पिवळाधमक चपटा मासा) हवाय, लेकीला डोरी (सिनेमातला निळा टँग) हवीये, आणि मनात खूप वर्षं पावडर ब्लू टँग आहे, तो तर आपल्या लक्षद्वीपचाच. यातलं टँकमध्ये जन्मलेलं भारतात काही मिळतं का? आणि दुकानदार टँक ब्रेड म्हणाला तर ते खरं की खोटं ओळखायचं कसं? फेकाफेकी नको, ज्यांनी स्वतः पाळलेत त्यांनी सांगा.

सुरमई_प्रेमी:

आमच्याकडे खाऱ्या पाण्यातला मासा आला की आधी हळद मीठ लावतात. बाकी चालू द्या.

तळेगावकर:

खारंपाणी, मँडरिनचं वाचून वाईट वाटलं, माझे दोन असेच गेलेत. दोन. पहिल्यावरून शहाणा झालो नाही.

ओळखायचं म्हणाल तर टँक ब्रेड मासे बहुतेक लहान असतात आणि एका बॅचचे सगळे एकाच मापाचे. मोठ्ठा पूर्ण वाढलेला मँडरिन दाखवून कुणी टँक ब्रेड म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडायचं, कारण हॅचरीवाला मासा विकण्याआधी वर्षानुवर्षं पोसत बसत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही काचेजवळ गेलात की तो पुढे येतो, त्याच्या लेखी माणूस म्हणजे जेवण. समुद्रातला आधी दगडामागे जातो. निमोमध्ये अर्धवट पट्टे, वेडेवाकडे ठिपके हे सहसा हॅचरीचं लक्षण, तुमचा अर्धा त्यातलाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानात उभं राहून पेलेट टाकायला सांगायचं, खाल्लं तरच पैसे काढायचे. आत्ताच पोट भरलंय त्याचं असं उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना जायचं.

डोरीचं मात्र विसरा, टँक ब्रेड मिळाली तरी विसरा. ती फूटभर होते आणि दिवसभर सुसाट पोहते, चार फुटात तिला कोंडणं म्हणजे वन रूम किचनमध्ये घोडा. पावडर ब्लूचंही तेच, वर त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सगळ्यात आधी होतो.

खारंपाणी:

तळेगावकर, कबूल. डोरी कट. लेकीला तुम्हीच सांगा.

शिरगावचा_पोर:

ताई मी रत्नागिरीच्या फिशरीज कॉलेजचा, शिरगाव. हॅचरीत काम केलंय म्हणून जरा लांबण लावतो.

निमो सगळीकडे मिळतो आणि टँग मिळत नाही याचं कारण पिल्लाच्या तोंडात आहे. निमोची जोडी दगडावर नाहीतर कुंडीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते, नर पंख हलवून वारा घालत राहतो, सात आठ दिवसांनी दिवे बंद झाले की अंडी फुटतात. पिल्लं पहिल्या दिवसापासून रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) खाऊ शकतात, मग आर्टेमिया (ब्राइन श्रिम्पची पिल्लं), दहा पंधरा दिवसांत पट्टे दिसायला लागतात. हे जमण्यासारखं आहे. कोचीच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांची पिल्लं काढायची पद्धत बसवलीये, मंडपम आणि विळिंजमला त्यांचं हे काम चालतं.

टँगचं वेगळं. ते अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. एक मिलिमीटरपेक्षा लहान, तरंगणारी अंडी. त्यातून जे निघतं त्याला धड डोळे नसतात तोंड नसतं, दोन तीन दिवसांनी तोंड उघडतं ते एवढंसं की रोटिफरसुद्धा आत जात नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक असं कोपेपॉडचं नुकतं जन्मलेलं पिल्लू लागतं. म्हणजे माशाच्या पिल्लाला खायला कोपेपॉडची पिल्लं, त्या कोपेपॉडना खायला जिवंत हिरवं पाणी (सूक्ष्म शेवाळाचं), आणि ही सगळी साखळी पन्नासेक दिवस एकदाही न तुटता चालवायची तेव्हा कुठे पिल्लू माशासारखं दिसायला लागतं. आमच्याकडे एका रात्री लाइट गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला आणि सकाळी अख्खं रोटिफर कल्चर झोपलेलं, पिल्लं त्यामागोमाग. ती पण साधी निमोची.

म्हणून यलो टँग पहिल्यांदा जमला तो थेट २०१५ ला, हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये, कित्येक वर्षं फसल्यावर. तुमची डोरी २०१६ ला फ्लोरिडा विद्यापीठाच्या लॅबमध्ये, तीही मोजकीच पिल्लं.

टाम्पाची_माई:

इकडे फ्लोरिडात आमच्या दुकानात टँक ब्रेड यलो टँग असतो हो. आधी यलो टँग म्हणजे इथला रोजचा मासा, सगळे हवाईहून पकडून यायचे. तिथे कोर्टकचेरी होऊन २०२१ च्या सुरुवातीपासून मत्स्यालयांसाठी मासे पकडणं बंद झालं आणि किंमत अशी उडाली की विचारू नका. त्यामुळे टँक ब्रेडवाल्यांना एकदम भाव आला, नाहीतर समुद्रातला स्वस्त मिळत असताना महिनोन् महिने पोसलेला महागडा मासा कोण घेणार होतं. टँक ब्रेड मँडरिनसुद्धा मिळतो, नखाएवढा येतो, माझ्याकडे आहे, बारीक पेलेट खातो. पण सुरुवातीला तोही लाडावलेला, दिवसातून चार पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागलं आणि जाळीच्या डब्यात वेगळा ठेवला, नाहीतर निमो सगळं आधी गिळतात.

पुढच्या वर्षी येणारे पण बॅगेत घालून आणता येत नाही, आधीच सांगते, विचारू नका 😄

वाट_चुकलेला:

सीहॉर्स चालेल का? एक जण देतो म्हणालाय, टँक ब्रेड आहे म्हणे.

तळेगावकर:

अजिबात नको. आपल्याकडे सीहॉर्स वन्यजीव कायद्याच्या शेड्युल १ मध्ये आहे, वाघाच्या पंक्तीत. देणाऱ्याचं जाऊ द्या, तुम्ही अडकाल. प्रवाळाचंही तेच, म्हणून लाइव्ह रॉक म्हणून कुणी आपल्या किनाऱ्यावरचे दगड विकत असेल तर लांब राहा.

शिरगावचा_पोर:

ताई, मूळ प्रश्नावर येतो. मँडरिन आणि टँग आपल्या हॅचरीतून आलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. बाहेरून आलेला असेल तर हॅचरीचं नाव आणि इम्पोर्टचे कागद बघायला मागा, नुसतं बॉक्सवरचं स्टिकर नको. पण तुमच्या टँकला मी दुसराच मासा सुचवीन, बांगाई कार्डिनल.

हा इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा, जगात मूळचा फक्त तिथलाच, आणि शौकिनांसाठी इतका उपसला की २००७ पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या यादीत आहे. गंमत अशी की टँकमध्ये वाढवायला हा निमोपेक्षाही सोपा. नर अंडी तोंडात धरून बसतो, जवळजवळ महिनाभर काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर येतात ती छोटे बांगाई होऊनच, पट्ट्यासकट. त्यांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया चालतं, हिरवं पाणी रोटिफर काही नको. फक्त आर्टेमियाला आधी ओमेगावालं एनरिचमेंट पाजा, नाहीतर पिल्लं मस्त वाढतात आणि एक दिवस झाकण आपटलं की दचकून तिथल्या तिथे मरतात, माझी गेलीत. समुद्रात ती लांब काट्यांच्या सी अर्चिनमध्ये लपतात, घरी काळे केबल टाय एका बुचाला खोचून झुडूप करायचं, त्यांना फरक कळत नाही.

समुद्रातून आलेला बांगाई मात्र घेऊ नका, त्यांच्यात एक व्हायरस असतो, बरा वाटता वाटता बॅचच्या बॅच जाते.

खारंपाणी:

अरे हे भारीच! नर महिनाभर तोंड बंद ठेवतो हे आमच्याकडे आत्ताच वाचून दाखवलं, पेपरामागून काहीही प्रतिक्रिया नाही.

पण टँक ब्रेड बांगाई तरी मिळेल का इथे? आणि एक बावळट प्रश्न, आपल्याकडे सरकारी हॅचरीतून साध्या माणसाला मासा मिळतो का, ऐरोलीला काहीतरी आहे असं ऐकलेलं.

तळेगावकर:

बावळट काय त्यात. ऐरोलीला लोक फ्लेमिंगो बघायला जातात ना, तिथेच कांदळवनवाल्यांच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे, लखनौच्या एनबीएफजीआर (माशांच्या जनुकांवर काम करणारी सरकारी संस्था) बरोबर केलेली. त्या एनबीएफजीआरवाल्यांनीच लक्षद्वीपला अगत्ती बेटावर बायकांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलंय, म्हणजे पकडून विकण्याऐवजी वाढवून विकायचं. मला खरं तर तिकडूनच आशा वाटते, पावडर ब्लू त्यांच्या दारातला मासा आहे, कुणीतरी दहा वर्षं नाद लावून घ्यायला हवा. ऐरोलीला किरकोळीत देतात की नाही ते जाऊनच विचारावं लागेल. तुम्हाला डोंबिवलीहून काय लांब आहे.

बांगाईसाठी माझ्या ओळखीत एक जण पुण्यात घरीच पिल्लं काढतो, कधी असतात कधी नसतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खारंपाणी:

तळेगावकर, व्यनि मिळाला, फोन केला. म्हणाले नराच्या तोंडात आत्ता अंडी आहेत, दोन तीन महिन्यांनी चार पिल्लं देतो, पण आधी तुमच्या टँकचा फोटो आणि पाण्याचे रीडिंग पाठवा मग ठरवतो. विकणाऱ्याने माझीच परीक्षा घेतलेली पहिल्यांदाच बघितली.

रविवारी सकाळी ऐरोलीला जातेय लेकीला घेऊन, कुणी येणार असेल तर सांगा. आणि शिरगावचा पोर, त्या केबल टायच्या झुडपाचा फोटो टाक ना, किती लांब ठेवायचे ते कळत नाहीये.

शिरगावचा_पोर:

बोटाएवढे ठेवा ताई. टोकं कापू नका, वाकडी राहिली तरी चालतात. फोटो रात्री टाकतो, आत्ता हॅचरीत आहे.