सुरतच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचाय, जीएसटी नंबर लागेलच का?

अमळनेरची_ताई
राम राम मंडळी. मी आणि माझ्या जाऊबाई हाताने भरतकाम केलेल्या पिशव्या, बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड आणि घरचा काळा मसाला विकतो. आत्तापर्यंत जळगाव, धुळे आणि सारंगखेड्याच्या जत्रेतच बसलो, वर्षाची विक्री चार लाखाच्या आतबाहेर. आता सुरतला पाच दिवसांचं प्रदर्शन आहे, आयोजक म्हणतात जीएसटी नंबर द्या नाहीतर स्टॉल नाही, आणि एका एजंटने सगळ्या कागदांचे मिळून साडेसहा हजार सांगितले. मिस्टरांच्या किराणा दुकानाचा नंबर आहे तोच दिला तर चालेल का?

धुळ्याचा_टॅक्सवाला
ताई, मिस्टरांचा नंबर अजिबात देऊ नका. तो त्यांच्या पॅनवर आहे, तुमचा धंदा तुमच्या पॅनवर मोजतात. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखापर्यंत जीएसटी नंबर लागत नाही म्हणून जत्रेत अडचण आली नाही, पण सुरत म्हणजे दुसरं राज्य, तिथे तुम्ही कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन, म्हणजे तात्पुरता धंदा करणाऱ्या, ठरता आणि ही ४० लाखाची सूट तिथे धरत नाहीत.

आता टेबलावरचा माल वेगवेगळा बघा. पापडावर टॅक्सच नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पापड, मग त्याला नाव काहीही असो, म्हणजे आपले बिबडेही त्यातच आले. भरतकामाच्या पिशव्या हस्तकलेत बसतात, त्याला २० लाखापर्यंत नोंदणी माफ आहे, फक्त पॅन लागतं आणि राज्याबाहेर नेताना ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) काढावंच लागतं, माल पाचशेचा असला तरी. अडतो तो काळा मसाला, त्याला यातली कुठलीच सूट नाही. तो तिकडे विकायचा तर निदान ५ दिवस आधी कॅज्युअल नोंदणी, अंदाजे टॅक्स आगाऊ भरायचा, आणि ती नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस चालते. पाच दिवसांसाठी एवढी दगदग मला तरी पटत नाही. आयोजकांना हस्तकलेच्या सूटीचं नोटिफिकेशन छापून दाखवा.

बिबडेवाली_नंदुरबार
ताई उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे कोणाला देऊ नका, माझ्याकडून एकाने दीड हजार घेतले होते अजून जीव जळतो. पापड मसाल्याला एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षावाल्यांचं) रजिस्ट्रेशन मात्र हवंच, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर घरी बसून होतं आणि तो १४ आकडी नंबर प्रत्येक पाकिटावर छापा, सोबत वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तुमचा पत्ता. तराजू नेणार असाल तर त्यावर वजनमापवाल्यांचा मुदतीतला शिक्का बघून घ्या.

धुळ्याचा_टॅक्सवाला
एक राहिलं, नंबर नसताना बिलावर जीएसटी लावू नका. गिऱ्हाईकाकडून घेतला तर तो सरकारला भरावा लागतो आणि वर दंड. साधं बिल द्या, नाव पत्ता वस्तू रक्कम.

अमळनेरची_ताई
खूप धन्यवाद दोघांना. मसाल्याची चाळीस पाकिटं भरून ठेवलीयेत ती आता जळगावलाच काढते, सुरतला पिशव्या आणि बिबडे. आज रात्री ई-वे बिलाला बसते, अडलं तर इथेच विचारीन.