बहाव्याचे बी रुजत का नाही?

प्रश्न :
नाशिकच्या घरामागील मोकळ्या जागेत बियांपासून वाढवलेला बहावा लावावा, अशी इच्छा आहे. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेल्या काळ्या शेंगा आणून त्यांतील बिया कुंडीत पेरल्या. मात्र उन्हाळाभर नियमित पाणी घालूनही एकही कोंब आला नाही. उकरून पाहिले, तर बिया जशाच्या तशा चकचकीत आहेत. बी खराब आहे, की पेरण्याची पद्धत वेगळी असते?

प्रतिसाद १ :
बी खराब असते, तर एव्हाना कुजले असते. कवच अतिशय टणक असल्यामुळे पाणी आत शिरलेलेच नाही. जंगलात अस्वले, माकडे आणि कोल्हे गोड गरासाठी शेंगा खातात व त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात; बागेत मात्र कवच आपल्यालाच झिजवावे लागते. चिकट काळा गर धुऊन टाकावा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी हमखास येते. मग बी चिमटीत धरून, निमुळते टोक सोडून, कडेला आतला फिकट रंग दिसेपर्यंत पॉलिश पेपरवर घासावे आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे. सकाळी जे टम्म फुगले असेल तेच पेरावे. उरलेले पुन्हा घासावे. आहे त्याच बिया वापरता येतील.

प्रतिसाद २ :
बिया पुष्कळ असल्यास उकळलेले पाणी आचेवरून उतरवून त्यांच्यावर ओतावे व तसेच निवू द्यावे. बिया आचेवर उकळू मात्र नयेत. मोजक्या बियांसाठी घासणेच मला खात्रीचे वाटते. बहाव्याचे सोटमूळ लवकर खोल जात असल्याने उथळ ट्रेऐवजी उंच पिशवीत, सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि पावसाच्या सुरुवातीला, पाणी न साचणाऱ्या भरपूर उन्हाच्या जागी रोप लावावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. फुलांसाठी किती वर्षे थांबावे लागेल?

प्रतिसाद २ :
साधारण ५ ते ८ वर्षे धरून चालावे. सावलीत त्याहूनही उशीर होतो. दरम्यान पावसाळ्यात हिरव्या अळ्या कोवळी पाने फस्त करतील. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, म्हणून फवारणी करू नये. जोमदार रोपाला पालवी पुन्हा फुटते. तसेच उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळाली म्हणून झाड वाळले असे समजून ते उपटू नये. खोडाच्या सालीवर नखाने हलकेच खरवडावे. आत हिरवे दिसले, की झाड जिवंत आहे.