मदत हवी आहे : चुन्याचं काम करणारे गवंडी कुठं मिळतील?

मंडळी, सांगली-मिरज भागात चुन्याचं काम जाणणारे जुने गवंडी कुणाच्या ओळखीत आहेत का? आमच्या इथल्या ब्रिटिशकालीन दवाखान्याची ऑफिसची इमारत आहे, काळ्या दगडाची, पुढं कमानींचा व्हरांडा, आत सागवानी तुळया अन् वर मंगलोरी कौलं, भर मे महिन्यात पण आत गारवा असतो, इतकी देखणी वास्तू हल्ली कोण बांधतंय. पण मध्ये कुणीतरी दगडांच्या दरजा (दोन दगडांमधल्या चुन्याच्या फटी) सिमेंटनं भरल्या, चुन्यातनं ओल बाहेर निघायची ती आता आतच अडकतीय, खालच्या थरांना पांढरा खार फुटलाय अन् आतला गिलावा नुसता हात लागला तरी पडतोय. १८९४ पासून वॉनलेस हॉस्पिटल असलेल्या मिरजेत तरी असे कारागीर असतीलच ना? आणि ते सिमेंट दगडाची कड न मोडता कसं काढायचं, ग्राइंडर चालेल का छिन्नीच पाहिजे? पावसाळ्याआधी काम व्हायला पाहिजे, प्लीज माहिती असेल तर सांगा.